पावसातला सण आणि घरचे हात: वाचकांचे प्रश्न

मंडळी, यंदा अधिक ज्येष्ठ आला त्यामुळे गणपती पुढे गेलेत, १४ सप्टेंबरला, म्हणजे हातात अजून चांगले दोन महिने आहेत आणि तरी तुमची पत्रं आत्तापासूनच यायला लागली, मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. नाहीतर दरवर्षी आठवडा उरला की सगळे एकदम विचारतात आणि तेव्हा मी काहीही सांगितलं तरी करायला वेळच नसतो.

सगळी पत्रं एका बैठकीत वाचली तर एक गोष्ट जाणवली. कोणाचं मखर वाकलं, कोणाच्या पिठीला वास आला, कोणाच्या करंज्या नरम पडल्या, कोणाच्या कंदिलाच्या खळीला बुरशी. दुखणी वेगवेगळी पण मूळ एकच, ओल. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि नेमका त्याच्या शेपटीला आपला सगळ्यात मोठा सण. घाटावरच्या कोणाचा तरी व्हिडिओ बघून इथे तस्संच करायला गेलात की फसतं, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो हो. म्हणून यावेळी उत्तरं लिहिताना मी आधी हवेचा विचार केलाय, मग बाकीचा.

गुहागरहून एक ताई लिहितात: मागच्या वर्षी मिस्टर आणि मुलं चार दिवस खपली आणि कार्डपेपरचं तीन कमानींचं मखर केलं, पण चतुर्थीच्या पहाटे बघितलं तर कमानी पुढे झुकलेल्या. मुलं रडायला लागली. थर्माकोल आणायचं नाहीये, मग टिकेल असं काय करता येईल?

ताई, मुलांचं रडणं वाचून मला आमच्या घरची अशीच एक पहाट आठवली. पडवीत रात्रभर ठेवलेलं मखर, सकाळी ओल्या पापडासारखं. तेव्हा आमच्या शेजारच्या आजोबांनी मागच्या आगरातून चार विऱ्या, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाची रुंद सालपटं, आणल्या आणि दोन तासांत एवढं सुंदर काही उभं केलं की त्यानंतर आमच्याकडे कागदाचं मखर झालंच नाही.

कागद हवेतलं पाणी ओढून घेतो, आतले धागे फुगतात आणि ताठपणा जातो. त्यामुळे आपल्याकडे कागद सजावटीला चालेल पण सांगाड्याला नाही, एवढं पक्कं धरून चाला. सांगाडा बांबूच्या कामट्यांचा करा. बुरुडाकडून चिरून घेतल्या तर उत्तम, नाहीतर घरी कोयत्याने चिरा, पण कडा तासून घ्या नाहीतर मुलांच्या हाताला कुसं लागतात. कमान करायची असेल तर कामट्या रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी वाकवायच्या आणि वाकवलेल्या तशाच बांधून दोन दिवस सुकू द्यायच्या, मग त्या आकार सोडत नाहीत.

आता अंगावर काय घालायचं? तुमच्याकडे पोफळी असतील, गुहागरात नसतील तर कुठे असणार! खाली पडलेल्या विऱ्या गोळा करा, अर्धा दिवस पाण्यात ठेवल्या की चामड्यासारख्या लवचीक होतात. कात्रीने कमळ कापा, पाकळ्या कापा, प्रभावळ कापा आणि मग जड पाट किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवून सपाट सुकवा. घाई असेल तर वरून जाड सुती फडकं टाकून गरम इस्त्री फिरवायची. मात्र पूर्ण सुकल्याशिवाय रंगवू नका, ओल आत राहिली की तिसऱ्या दिवशी काळे ठिपके येतात. मागचा पडदा म्हणून आजीची सुती नऊवारी बारीक चुण्या घालून लावा, त्यापुढे कुठलंही विकतचं मखर फिकं दिसतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

माडाच्या झावळ्या पण वापरा, त्यांच्या पात्यांचे पोपट आणि तोरणं मुलं पटकन शिकतात. फक्त एक विनंती, पिवळी कोवळी पाती हवी म्हणून माडाचा कोंब कापू नका. तो माडाचा जीव आहे, तो गेला की माड गेला. वाऱ्याने पडलेल्या किंवा खालच्या जुन्या झावळ्या घ्या.

थर्माकोलचं तुम्ही स्वतःच ठरवलंत हे फार छान. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहेच, पण बंदी नसती तरी ते विसर्जनानंतर खाडीच्या कडेला तरंगताना बघवत नाही.

आणि समई मखरापासून हातभर लांब. विऱ्या, कापड, झावळ्या, सगळं पेट घेणारं आहे. आत उजेड हवा तर एलईडीची माळ लावा, तिची वायर दारातून येणाऱ्या पावसाच्या झडीपासून दूर ठेवा.

मूळचे कणकवलीकडचे, आता डोंबिवलीत राहणारे एक दादा: गावच्या घरात माटवी बांधायची ते काका मागच्या वर्षी गेले. यंदा माटवी मला बांधायची आहे. काय काय टांगायचं, कशाने बांधायचं, काहीच नीट माहिती नाही. माझी मुलगी आठ वर्षांची आहे, तिलाही सोबत घ्यायचंय.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काका गेले तरी माटवी बांधली जाणार आहे यापेक्षा चांगली बातमी ती काय. जे वाचक घाटावरचे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगलेली लाकडी चौकट, आणि तिला त्या दिवसांत रानात आणि परसात जे जे येतं ते सगळं बांधायचं. गोव्यात हिला माटोळी म्हणतात, तिथे कला आणि संस्कृती संचालनालय तिची स्पर्धासुद्धा घेतं.

आधी चौकट तपासा. वर्षभर माळ्यावर पडलेली असते, वाळवी लागलेली असू शकते, प्रत्येक पट्टी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ती बदला. मग दोर. पूर्वी केवणीची, म्हणजे एका रानझुडपाची, साल सोलून तिचेच दोर करायचे, ओले असताना बांधले की सुकताना आणखी घट्ट बसतात. ते जमलं नाही तर सुंभ चालेल. प्लास्टिकची सुतळी मात्र नको, ती गुळगुळीत असते, नारळाच्या वजनाने गाठ हळूहळू सरकते.

वजनदार वस्तू आधी आणि कडेला. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, निरफणस, मोठं तवसं हे चारी कोपऱ्यांना वाटून बांधा म्हणजे चौकट एका बाजूला कलत नाही, आणि बरोब्बर मूर्तीच्या डोक्यावर जड काही नको, प्रत्येक जड वस्तूला दुहेरी गाठ. मग दोडकं, पडवळ, चिबूड, तोरिंजन, आंबाड्याचे घोस. आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे आदल्या दिवशी दुपारनंतर, नाजूक रानातलं: तेरडा, पांढऱ्या पानांची शेरवड, लालपिवळ्या कांगण्यांचे तुरे, लालबुंद कवंडळं. शेरवडीची ती पांढरी पानं समईच्या उजेडात काय दिसतात, मुलीला मुद्दाम दाखवा.

चिबूड पिकायला आलेला घेऊ नका. तो दुसऱ्या दिवशी फुटतो आणि खाली सगळं ओघळतं, चिलटं येतात ती वेगळीच. कच्चा, कडक बघून घ्या.

मुलगी सोबत आहे म्हणून एक गोष्ट गंभीरपणे सांगते. माटवीला कळलावीची फुलं बांधायची बऱ्याच घरी पद्धत आहे, तीच ती लाल-पिवळी ज्वाळेसारखी. ती संपूर्ण वनस्पती विषारी आहे, कंद तर फारच. तिच्यात कोल्चिसिन असतं. कवंडळसुद्धा दिसायला गोड पण खायचं फळ नव्हे. तेव्हा ही दोन्ही तुम्ही स्वतः तोडा, स्वतः बांधा, हात धुवा आणि मुलीला नाव-गाव सांगा पण हातात देऊ नका. आणि कळलावी घेताना फूल तेवढं घ्या, कंद उपटू नका, पुढच्या वर्षी तिथेच ती परत यायला हवी.

जाताना एक वही न्या. प्रत्येक वस्तूचं मालवणी नाव, ती कुठल्या बांधावर मिळाली आणि कोणी दाखवली, हे मुलीला लिहायला सांगा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, त्यांना फार आनंद होतो आणि जे मला इथे बसून सांगता येत नाही ते त्यांना चालता चालता आठवतं.

चिपळूणहून नवीन लग्न झालेली एक मुलगी: काकू, यंदा सासरी पहिले गणपती. माझे मोदक वाफवताना फुटतात, नाहीतर कळ्या चिरतात. सासूबाई काही बोलत नाहीत पण मला टेन्शन आलंय. माप, वेळ, सगळं नीट सांगा ना.

बाळा, टेन्शन घेऊ नकोस, दोन महिने आहेत, दर रविवारी पाच पाच मोदक केलेस तरी चतुर्थीपर्यंत हात बसेल. पण सुरुवात उकडीपासून करू नकोस, तांदळापासून कर, कारण अर्धे मोदक तिथेच बिघडतात.

तांदूळ सुवासिक आणि जुना हवा, निदान वर्षभराचा. नवा चिकट होतो. दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, सुती कापडावर सावलीत वाळवायचा, बारीक दळून चाळायचा. आता गंमत अशी की आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात तांदूळ वाळतच नाही, वरून कोरडा लागतो आणि आत ओल असते. तसाच दळला की आठ दिवसांत पिठीला आंबूस वास. माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी ही चूक केली होती, ऐन चतुर्थीला डबा उघडला आणि काय करावं सुचेना, शेजारच्या वहिनींनी दोन शेर पिठी दिली म्हणून नैवेद्य झाला. माझ्या सासूबाई मे महिन्याच्या उन्हातच तांदूळ धुऊन, कडकडीत वाळवून घट्ट डब्यात भरायच्या आणि दळायच्या मात्र आधीच्या आठवड्यात, कारण अख्खा दाणा टिकतो, पीठ तेवढं टिकत नाही. तुझा मे गेला, हरकत नाही. चांगली उघडीप मिळाली की धू, पंख्याखाली दोन दिवस पसर, आणि दळायच्या आधी कढईत अगदी मंद आचेवर नुसते कोमट होईपर्यंत हलव, भाजू नकोस, रंग बदलता कामा नये.

सारण: दोन वाट्या ओलं खोबरं, एक वाटी चिरलेला गूळ. मंद आचेवर, गूळ विरघळून मिश्रण गोळा व्हायला लागलं की लगेच बंद. त्यात वेलची, जायफळ, भाजलेली खसखस. पातळ राहिलं तर वाफेत पाणी सुटून मोदक फुटतो, जास्त आटवलं तर चिक्की होते. सारण आदल्या रात्री करून ठेवलंस तर सकाळी तुला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

उकड: एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. तांदूळ फार जुना असेल तर वर दोन-तीन चमचे. पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर लोणी किंवा तूप. पाणी खळखळून उकळलं की गॅस बारीक, पिठी एकदम घाल, उलथण्याच्या दांड्याने ढवळ, झाकण, दोन मिनिटं वाफ, गॅस बंद, आणि झाकण न काढता आणखी पाच मिनिटं. मग परातीत काढून गरम असतानाच मळ. इथे सगळे घाबरतात! हाताला चटका बसतो म्हणून थंड होऊ देतात आणि थंड उकड मळली की ती चिरणारच. आधी वाटीच्या बुडाने मळ, मग पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन. छोटी गोळी करून दाबून बघ, कड फाटली तर अजून पाणी लावून मळ, गुळगुळीत राहिली तर झाली. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली, पंखा बंद.

पारी कडेला पातळ आणि मध्ये जराशी जाड ठेव, कारण सारणाचा भार मध्ये येतो. कळ्या किती ते महत्त्वाचं नाही गं, नऊ नीट आल्या तर नऊ, एकवीसच्या हट्टाने पारी ताणलीस तर ती फाटते. मोदकपात्रातलं पाणी आधी उकळतं हवं. चाळणीवर हळदीचं पान, आणि प्रत्येक मोदक ठेवायच्या आधी क्षणभर साध्या पाण्यात बुडवायचा, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती, याने चिरा जवळजवळ थांबतातच. दहा ते बारा मिनिटं. ओलं बोट लावून बघ, चिकटलं नाही तर तयार. वाटीभर पिठीत दहाएक मोदक होतात, त्या हिशोबाने एकवीससाठी अडीच वाट्या घे म्हणजे फुटले तरी हाताशी राहतील.

आणि उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, कोथिंबीर, मीठ घालून निवगऱ्या कर. सासूबाई खूश होतील बघ.

मालवणजवळून एक वहिनी: माझं माहेर सांगलीकडचं. माहेरी गौरीला पुरणपोळी, सासरी तेरड्याची गौर आणि तिला तिखटाचा, म्हणजे मासे-मटणाचा नैवेद्य. सुरुवातीला मला फार चमत्कारिक वाटलं, अजूनही थोडं वाटतं. आणि तेरडा दुपारपर्यंत माना टाकतो, त्यावर काही उपाय?

वहिनी, चमत्कारिक वाटणं साहजिक आहे, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण असं बघा, गौर म्हणजे माहेरवाशीण, अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर जाते. माहेरी आलेल्या लेकीला आपण काय वाढतो? आपल्या घरात जे सगळ्यात चांगलं शिजतं ते. किनाऱ्यावरच्या घरात ते मासे किंवा सागुती-वडे असतात, सांगलीत पुरणपोळी. माया एकच आहे. बऱ्याच घरी गणपती आणि गौर यांच्यामध्ये त्यावेळी पडदा धरतात, नैवेद्य वेगळ्या चुलीवर करतात, तुमच्या सासूबाईंना त्यांची पद्धत विचारा आणि एकदा त्यांच्याशेजारी बसून तो नैवेद्य करा, मला वाटतं परकेपणा तिथेच कमी होईल. आणि त्यांना म्हणा, एक वाटी पुरण मी पण ठेवू का? कोणी नाही म्हणणार नाही.

तेरड्याचं म्हणाल तर तो मुळासकट आणायचा, पहाटे, ऊन चढायच्या आत, मुळांची माती न झटकता. मुळांभोवती ओलं फडकं, त्यावर केळीचं सोप गुंडाळून बांधा आणि मग तांब्यात किंवा सुपात उभी करा. साडीच्या निऱ्यांत ते दिसतही नाही. संध्याकाळी फडक्यावर थोडं पाणी शिंपडा. दांडा कापून आणलात तर मात्र काही केलं तरी टिकत नाही, तेरड्याच्या दांड्यात नुसतं पाणी असतं.

घावन-घाटलं करणार असाल तर घाटल्यात नारळाचं घट्ट दूध सगळ्यात शेवटी, आणि ते घातल्यावर उकळी आणू नका, फाटतं.

अलिबागचे एक शिक्षक: शाळेत मुलांकडून बांबूचे आकाशकंदील करून घेतो. गेल्या दिवाळीत खळीला बुरशी आली आणि नंतर झुरळांनी कागद खाल्ला. शिवाय मुलांना दिवाळीचे पारंपरिक पोहे खाऊ घालायचेत, काय काय करता येईल?

सर, वर्गभर मुलांना कामट्या हातात देणं म्हणजे सोपं काम नाही, तुमचं कौतुक आहे. खळ करताना एक वाटी पाण्याला दोन मोठे चमचे मैदा, आधी गार पाण्यात कालवून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. बुरशीसाठी पूर्वी मोरचूद घालायचे पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात अजिबात नको, त्याऐवजी चिमूटभर तुरटीची पूड घाला. रोज ताजी करा, कालची उरलेली टाकून द्या, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे खळ पातळ लावा. जाड थर आतून सुकत नाही, बुरशी तिथेच धरते आणि किडे-झुरळं त्या पिठालाच येतात, कागदाला नाही. दिवाळीत हवा कोरडी होत आलेली असते, चिकटवलेले कंदील दिवसभर उन्हात टांगले की काम झालं.

कागद पतंगाचा घ्या, उजेड छान झिरपतो. जिलेटिनच्या कागदाला खळ चिकटत नाही आणि मुलं हिरमुसतात.

पोह्यांबद्दल विचारलंत आणि मला लिहिताना भूक लागली. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला भाताची कापणी होते, नव्या भाताचे पोहे कांडले जातात, म्हणून पहिल्या अंघोळीला, तुळशीपुढे कारीट फोडून झालं की पोहे. चकली-चिवडा नंतरचा. नव्या तांदळाच्या पोह्यांना जो गोडसर वास असतो तो दुकानातल्या पाकिटात शोधू नका, गावातल्या गिरणीवरून आणा. गूळपोहे करा, ओल्या खोबऱ्यात गूळ कालवून त्यात पोहे, गॅस लागत नाही, तिसरीतली मुलंसुद्धा करतील. दूधपोहे, दहीपोहे, नारळाच्या रसात गूळ-वेलची घालून रसातले पोहे. आणि वेळ असेल तर कोळाचे पोहे नक्की करा, नारळाच्या दुधात चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, हिरवी मिरची, वरून जिरं-हिंगाची फोडणी आणि ऐन वेळी पोहे. आधी घालून ठेवलेत तर लगदा होतो. सोबत काळ्या वाटाण्याची उसळ असली तर मग काही विचारू नका.

वसईहून एक आजी: नाताळला नातवंडांबरोबर बांबूचा तारा करायचाय. आमचे हे करायचे, आता मला आकार जमत नाही.

आजी, सरांना सांगितलं तीच खळ, तोच कागद. आकारासाठी सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, एकही बोटभर कमी-जास्त नको, सगळं गणित तिथे आहे. पाच कामट्यांचा एक चपटा तारा, वहीवर मुलं हात न उचलता काढतात तसा, टोकं दोऱ्याने बांधून, आणि जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथेही एकेक गाठ. असे दोन. ते एकावर एक ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा, आणि मग मधल्या पाच छेदांवर दोन्ही ताऱ्यांच्या मध्ये वीतभर काड्या अडकवा, की तारा पोटात फुगतो. दिव्यासाठी एक बाजू उघडी ठेवून मगच कागद चिकटवा. एलईडीचा दिवा लावा, तो कमी तापतो.

नाताळचे तळलेले गोड कुलकुल करणार असाल तर नातवंडांना काट्याच्या पाठीवर गोळी दाबून गुंडाळायला बसवा, त्यांचे हात लहान असतात, कळ्या सुंदर येतात. तळून पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा.

देवगडहून: करंज्या दुसऱ्या दिवशी मऊ का पडतात?

वरच्या आजींना सांगितलं तेच, गरम असताना झाकण लावता. आतली वाफ बाहेर जाऊ द्या, पेपरवर पसरून दोन तास. दुसरं कारण सारण. ओल्या खोबऱ्याची करंजी एक-दोन दिवसांचीच असते, ती लगेच संपवायची. चार-आठ दिवस ठेवायची तर सुकं खोबरं किसून, भाजून, पूर्ण गार करून मग पिठीसाखर, कारण गरम खोबऱ्यात साखर विरघळते आणि सारण ओलं होतं. मोहन कडकडीत घाला आणि आच मंद ठेवा, वरून पटकन लाल झालेली करंजी आतून ओलीच असते. समुद्राकाठच्या घरांनी छोटे डबे भरावेत, मोठा डबा दिवसातून दहा वेळा उघडला की शेवटच्या करंजीपर्यंत कुरकुरीतपणा राहत नाही.

हर्णैहून पाचवीतली एक मुलगी: मला स्वतः गणपती करायचाय, छोटा. बाबा म्हणतात तडकेल. शाडू कुठून आणू?

तुझं अक्षर फार छान आहे, आणि कल्पना त्याहून छान. शाडू आपल्या इथला नसतो, तो गुजरातेतून येतो. मूर्तिशाळेत जाऊन मागितलास तर किलो-दोन किलो ते देतील. नाहीच मिळाला तर शेताच्या बांधाची चिकण माती घे, खडे वेचून टाक, पाण्यात कालवून कापडातून गाळ, आणि पाणी वर आलं की ओतून टाकून खालची माती कणकेसारखी होईपर्यंत राहू दे.

बाबांची भीती खरी आहे, पण माती का तडकते ते कळलं की ती टाळता येते. बाहेरचा भाग लवकर सुकून आक्रसतो आणि आतला ओला राहतो म्हणून भेग पडते. म्हणून मातीत थोडा कापूस अगदी बारीक पिंजून मिसळ, त्याने ती धरून राहते. मूर्ती वीतभरच कर. पोट आणि आसन जाड भरीव ठेवू नकोस, तळातून चमच्याने थोडी माती कोरून काढ. हात आणि सोंड लावताना दोन्हीकडे सुईने रेघा ओढ, पातळ मातीचं पाणी लाव आणि मग चिकटव, नुसतं दाबलंस तर सुकल्यावर गळून पडेल.

आणि उन्हात ठेवू नकोस, चुलीजवळ तर नाहीच. घरातच सावलीत, वरून पहिले दोन दिवस ओलसर फडकं सैल टाकून. पावसाळ्यात सुकायला पंधरा दिवससुद्धा लागतात, त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तुझी मूर्ती करून झालेली हवी. रोज शाळेतून आलीस की बघ. केसाएवढी भेग दिसली तर बोट ओलं करून त्यात थोडी पातळ माती भर आणि गुळगुळीत कर. तळाला हात लावून गार लागलं तर आत अजून ओल आहे, थांब. गार लागायचं थांबलं की मग रंग. हळद, गेरू आणि डोळ्यांसाठी काजळ एवढ्यात होतं सगळं. डोळे सर्वात शेवटी काढ, सकाळच्या उजेडात, बाबांना शेजारी बसवून.